रांगोळी पुसली, यादी आधीच तयार



गावाचा विकास आराखडा करायला साहेब येतात, ते हल्ली हात हलवत येत नाहीत. रांगोळी, रंगीत कागद, चिंचोके सोबत असतात. चावडीपुढे गावाचा नकाशा काढायचा. विहीर कुठे, नाला कुठे, चोपण रान कोणते, ते लोकांनी दाखवायचे. मग शिवारफेरी. मग कोणते काम आधी हवे, त्यावर चिंचोके ठेवायचे. शेवटी ऋतुमानाचा तक्ता : कोणत्या महिन्यात कामाची घाई, कोणत्या महिन्यात हात रिकामे. याला म्हणतात सहभागी ग्रामीण मूल्यांकन.

साधने वाईट नाहीत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईलाही चिंचोका ठेवता येतो. ही पद्धत जगभर नेणाऱ्या रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ सालीच लिहिले होते, की दौऱ्यावरचा साहेब डांबरी रस्ता सोडत नाही आणि कोरडा हंगाम बघूनच येतो. आमची तक्रार आहे ती रांगोळी पुसल्यानंतर जे होते त्याची.

तो तक्ता पुन्हा बघा. ऑगस्टात निंदण-डवरणी. ऑक्टोबर लागला की कुठे सीतादही, कुठे पहिली वेचणी. तक्त्यावर चिंचोक्यांचा ढीग नेमका इथेच. आणि ग्रामसभा कधी? १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर! वेचणीची मजुरी किलोवर मिळते. महिलांची सभा आधी घ्यावी असा नियम आहे खरा, पण त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

गणपूर्ती किती? मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. तेवढी माणसे आली नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! रिकाम्या सतरंजीसमोर ठराव मंजूर, आणि आराखड्यावर शिक्का ‘लोकसहभागातून’. चिंचोके पडले नाल्यावर, काम निघाले पेव्हर ब्लॉकचे, असे झाले तर जाब विचारायला नकाशा तरी कुठे उरतो? तो झाडूने गेला.

जलयुक्त शिवारचे आराखडेही शिवारफेरी करूनच झाले होते. डिसेंबर २०१४ मध्ये योजना आली, ९ हजार ६०० कोटींहून अधिक खर्च झाला, आणि २०२० च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी सांगितले की भूजल वाढवण्यात तिचा फारसा उपयोग झाला नाही. फेरीत पाय आमचे होते. तिजोरीची किल्ली आमच्याकडे नव्हती.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने उलटी रीत घातली. आधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय. मत मोजून नाही. २००९ मध्ये त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला. आम्ही कोरडवाहूवाले, आम्हाला जंगल नाही. पण बसायला ओटा आहे.

कायदा वर्षाला किमान ४ सभा म्हणतो. किमान! पाचवी घ्यायला कुणाची आडकाठी नाही. पऱ्हाटी उपटून झाली, जवारी घरात आली की ती मागा, आणि रात्री मागा. यंदा निधी किती, तो आकडा फळ्यावर लिहिल्याशिवाय कुणी चिंचोका उचलू नये. यादीतले काम बदलले तर कारण लेखी, पुढच्या सभेत. आणि नकाशा रांगोळीचा नको. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तैलरंगात काढा. रंगाचा डबा आपणच वर्गणीतून आणू.