गुरुवारची फाशी

दर गुरुवारी टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे आकडे येतात आणि वाहिन्यांच्या कचेऱ्यांत कोणती मालिका जगवायची, कोणती मारायची याचा निकाल लागतो. आरोपीला बाजू मांडायची सोय नाही, अपील नाही. प्रेक्षकाला कळते केव्हा? आवडत्या मालिकेच्या वेळेवर ‘लवकरच’ म्हणून भलत्याच मालिकेचा प्रोमो झळकतो तेव्हा! याला धंदा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा; पण त्यावर ‘प्रेक्षकांची आवड’ असा शिक्का मारण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

‘सोनी मराठी’वरची, सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांची कथा सांगणारी ‘सावित्रीजोती’ आठवा. जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली, डिसेंबरात गुंडाळली. त्यातही टाळेबंदीत चित्रीकरण काही महिने ठप्पच होते. गुन्हा काय? टीआरपी नाही! १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला उभी राहिलेली, शेणामातीचा मारा सोसणारी आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता प्राण ठेवणारी बाई बाजाराने नापास केली. तेही ३ जानेवारीची तिची जयंती तोंडावर आली असताना! आणि याच मराठी पडद्यावर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ साडेचार वर्षे सुखाने नांदली. ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांवर भाग पार केले. सासूला अकरा वर्षे आणि सावित्रीला पुरते बारा महिनेही नाहीत!

‘लोकांनीच पाहिली नाही, आम्ही काय करणार?’ हा वाहिन्यांचा ठरलेला कांगावा. कोण लोक? देशातल्या वीस कोटींच्या घरात असलेल्या टीव्हीसंचांचा कौल काही हजार घरांतल्या मीटरवरून काढतात. संच कोणत्या वाहिनीवर होता आणि घरातले कोण समोर होते, एवढेच तो मीटर सांगतो. कुठल्या आईने मुलीला हाताला धरून टीव्हीसमोर बसवले, ते सांगत नाही. कारण त्याचा जन्म जाहिरातीचा दर ठरवण्यासाठी झाला आहे. बरे, हा पंच तरी सोवळा आहे काय? त्याच २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला, मीटर असलेल्या घरांना पैसे चारल्याचा आरोप झाला आणि ‘बार्क’ला वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवावे लागले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्याच पद्धतीच्या आकड्यांवर सावित्रीबाईंचा निकाल लावताना कोणाचा हात थरथरला नाही!

आणि आम्ही मराठी माणसे? ‘फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र’ म्हणून व्यासपीठावर घसा फोडणारे पुढारी आणि जयंतीला पुतळ्याभोवती सेल्फी काढणारे कार्यकर्ते रोज संध्याकाळी काय पाहत होते? हार घालायला हजार हात, रिमोट धरायला एकही नाही! वाहिन्यांनी आमचा हा दुटप्पीपणा ओळखला आणि त्याचाच धंदा मांडला.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. थोरांचे चरित्र हाती घेणाऱ्या वाहिनीने ते शेवटापर्यंत नेण्याची हमी पहिल्याच भागाआधी द्यावी. ती देण्याची छाती नसेल तर त्या नावाला हातच लावू नये. कोणतीही मालिका आटपायची झाली तर प्रेक्षकाला महिनाभर आधी तसे सांगावे आणि कथेला धड शेवट द्यावा. केबलचे पैसे प्रेक्षक भरतो, जाहिरातींचा मारा प्रेक्षक सोसतो, जाहिरातीतला साबणही प्रेक्षकच विकत घेतो. हा प्रेक्षक ज्या दिवशी मालिकेबरोबर त्या साबणावरही बहिष्कार घालील, त्या गुरुवारी येणारा आकडा वाहिन्यांच्या मालकांनी छातीवर हात ठेवून वाचावा!