केसीचा घोडा आणि नववीचा विद्यार्थी

बुद्धवंदना म्हणताना आपण तथागतांच्या गुणांचे स्मरण करतो. त्या गुणांत 'पुरिसदम्मसारथि' हा एक शब्द आहे. बालपणापासून तो आपल्या जिभेवर आहे. परंतु त्याचा अर्थ सहसा कोणी विचारत नाही. वळण लावण्याजोग्या माणसांचा सारथी, असा तो अर्थ. बुद्धकाळी घोड्यांना शिकवून तयार करणाऱ्याला 'अस्सदम्मसारथि' म्हणत. म्हणजे गुरूसाठी वापरलेला हा शब्द थेट अश्वविद्येतून आला आहे. निवासी शाळा चालवणाऱ्यांनी आणि तेथे आपली मुले ठेवणाऱ्यांनी या उपमेकडे पुन्हा एकदा निरखून पाहावे, असे मला वाटते. आपण टाळत आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आज घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, नाहीतर बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलांपुढे धावणाऱ्या घोडीच्या रूपाने. एरवी तो इंजिनाच्या 'हॉर्सपॉवर'पुरता उरला आहे. पण खेड तालुक्यातून वाहत जाणाऱ्या याच भीमेच्या खोऱ्याने भीमथडीची तट्टे घडवली. महाराष्ट्राच्या राज्यगीतात त्यांचा उल्लेख आहे आणि अलीकडेच त्यांना स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यताही मिळाली आहे. हे तट्टू अंगाने लहान, पायाने पक्के आणि थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारे. मेंढरांमागे फिरणारे धनगर बांधव आजही त्याच्या पाठीवर बिऱ्हाड लादून वाट चालतात.

घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात; जवळजवळ चहूकडचे त्याला दिसते, पण अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून जाणता माणूस त्याच्याजवळ खांद्याच्या बाजूने, आवाज देत जातो. घोडा बुजतो, उधळतो, ते बहुधा भीतीने. अडाणी मालक त्याला खोडी समजून चाबूक उचलतो. त्यातून घोड्याची भीती दुप्पट होते. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, हा त्यातील उपदेश आजही मोडीत निघालेला नाही. चांगल्या शिक्षकाची आणखी एक रीत असते. घोड्याने योग्य पाऊल टाकले की तो त्याच क्षणी लगाम सैल सोडतो. ओढलेल्या लगामापेक्षा सैल सोडलेल्या लगामातून घोडा अधिक शिकतो.

मज्झिम निकायातील भद्दालि सुत्तात हीच जाण दिसते. भद्दाली हा भिक्खू. दिवसातून एकदाच भोजन करण्याचा नियम त्याला जमेना. आपल्याला हे शक्य नाही, असे त्याने तथागतांना तोंडावर सांगितले आणि पुढे तीन महिने तो त्यांच्यासमोर आलाच नाही. सहकारी भिक्खूंनी समजावल्यावर तो परतला. तथागतांनी त्याला खडे बोल सुनावले, पण दार बंद केले नाही. उलट त्यालाच त्यांनी शिंगराचा दृष्टान्त दिला. उमद्या शिंगराच्या तोंडात प्रथम लगाम घातला की ते अंग वेडेवाकडे करते, धडपडते. कारण असे त्याने पूर्वी कधी केलेले नसते. पुन्हा पुन्हा आणि क्रमाक्रमाने सराव दिला की ते शांत होते. मग पुढचा धडा. ज्याच्यापाशी थोडीशीच श्रद्धा उरली आहे, त्याच्यावर कठोर होऊन तीही घालवू नये, हेही याच सुत्तात सांगितले आहे. एकाक्ष माणसाचा उरलेला डोळा आप्तजन जपतात, तशी ती जपावी.

वसतिगृहात प्रथमच आलेला मुलगा आठवून पाहा. त्याच्या घरात कोणी घंटेवर उठलेले नसते, तासभर एका जागी बसून वाचलेले नसते. त्याची चुळबुळ ही सवय नसल्याची खूण असते. आपण तिच्यावर 'उनाड' असा शिक्का मारतो.

दुसरे सुत्त अंगुत्तर निकायातील, केसी सुत्त. केसी हा नामांकित अश्वशिक्षक. तथागत त्याला विचारतात, घोड्याला तू कसे वळण लावतोस? तो सांगतो, सौम्यपणे, कठोरपणे आणि कधी दोन्ही रीतींनी. आणि तरीही घोडा वळला नाही तर? तर मी त्याला मारून टाकतो, केसी म्हणतो. माझ्या गुरुकुलाला बोल लागू नये म्हणून. मग तो उलट विचारतो, भगवान, आपण माणसांना कसे वळण लावता? तथागतही त्याच तीन रीती सांगतात. सौम्य रीत म्हणजे सदाचरण आणि त्याचे फळ दाखवणे. कठोर रीत म्हणजे दुराचरण आणि त्याचे फळ स्पष्टपणे समोर ठेवणे. या कठोरपणात छडीला जागा नाही. आणि न वळणाऱ्याचे काय? त्याचाही वध होतो, ते म्हणतात. केसी चकित होतो. प्राणिहत्या तर आपल्याला वर्ज्य! तेव्हा तथागत उलगडा करतात: जो उपदेश करण्यायोग्य उरला नाही असे गुरू आणि सुज्ञ सहकारी मानतात, त्याचा तोच वध.

हे वाचून शिक्षकाच्या अंगावर काटा यायला हवा. एखाद्याला शिकवायचे थांबवणे, या कृतीला तथागतांनी वधाचे नाव दिले आहे. तीनही रीती थकल्यानंतरची ती अखेरची पायरी आहे, आणि केसीच्या कारणाकडेही दुर्लक्ष करू नये. घोडा मरतो तो गुरुकुलाच्या नावासाठी.

आता आपल्या काळाकडे वळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली; आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. नववीत हे छत्र संपते आणि नेमक्या याच वर्षी कित्येक शाळा कच्च्या मुलाच्या पालकाला बोलावून दाखला हातावर ठेवतात. पुढच्या वर्षीच्या दहावीच्या निकालाचा आकडा खाली येऊ नये, एवढेच त्यामागचे कारण. प्रवेशद्वारावर 'शंभर टक्के निकाल' असा फलक लागतो, सत्कार होतात. त्या शंभरात जो मोजलाच गेला नाही, तो पुढे चाकणच्या एखाद्या कंत्राटदाराच्या गाडीत हेल्पर म्हणून दिसतो. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी उत्तीर्ण असावे लागते. त्यामुळे ज्या मशीनभोवती तो झाडलोट करतो, ते चालवायला शिकण्याची वाटही त्याला बंद झालेली असते.

लगाम कोणाच्या हाती येऊ द्यायचा, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना उतरवून घेतले. स्टेशनावरचा एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर तोड निघाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकायला माणूस तुमचा. आपल्या पाहुण्याने पायी जाऊ नये म्हणून वस्तीतला एक जण पुढे झाला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर टांगा धडकला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला; घोडा आणि टांगा नदीत पडला. या प्रसंगाची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लगाम धरणाऱ्या त्या माणसात खोट नव्हती. त्याला तो कधी कोणी धरू दिला नव्हता, शिकवला नव्हता. ज्याला शिकण्यापासून दूर ठेवले जाते, त्याच्या हातून अपघात होतो आणि मग त्या अपघाताकडे बोट दाखवून त्यालाच नालायक ठरवले जाते. देशाच्या काही भागांत दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या आजही येतात.

या अपघाताच्या चार वर्षे आधी, १९२५ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. आपल्या निवासी शाळा त्याच वाटेवरच्या आहेत. हुशार मुलाला शिकवायला कोणतीही शाळा तयार असते. जगाने ज्याच्या हाती लगाम दिला नाही त्याच्यासाठी या शाळा उभ्या राहिल्या. त्यांनीच केसीसारखा नावाचा हिशेब मांडावा, हे कसे पटावे?

यावर आक्षेप येईल. वसतिगृहात शेकडो मुले असतात, एक बिघडला तर दहा बिघडतात. पालकही म्हणतात, 'गुरुजी, मारा पण शिकवा.' शिस्त हवीच. भद्दालीलाही बोलणी खावी लागली होती. चुकणाऱ्या मुलाला त्याच्या वागण्याचा परिणाम स्वच्छ शब्दांत सांगावा, घरी कळवावे, जबाबदारीची कामे द्यावीत. हे सारे दुसऱ्या रीतीत बसते. माझी तक्रार एवढीच की पहिल्या तीन रीती अर्ध्यावर सोडून आपण चौथीवर फार लवकर येतो.

म्हणून तीन सूचना. पहिली, शाळांनी निकालाच्या फलकावर आणखी एक आकडा लिहावा: पाचवीत दाखल झालेल्यांपैकी किती जण याच शाळेतून दहावीला बसले. दुसरी, कोणालाही दाखला देण्यापूर्वी भद्दालीला मिळाले तेवढे तीन महिने द्यावेत आणि त्या काळात एका शिक्षकाने त्या मुलाशी रोज बोलावे. तिसरी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्यापैकी कित्येक जण आज या पट्ट्यातील कारखान्यांत ऑपरेटर, सुपरवायझर, इंजिनिअर आहेत. साप्ताहिक सुट्टीचे दोन तास नववीच्या एका कच्च्या मुलाला द्यावेत. गणित शिकवावे, आणि गणित ज्यावर चालते ते मशीनही दाखवावे.

सुत्ताच्या अखेरीस केसी उपासक झाला. आपल्या हातून गेलेल्या घोड्यांविषयी त्याला काय वाटले, ते सुत्तात नाही. आपल्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरात मात्र अशा मुलांची नावे तारखेसह नोंदलेली आहेत. ते रजिस्टर या वर्षी एकदा उघडावे आणि त्यातील जितकी मुले अजून परत आणता येतील तितकी आणावीत.