गोळीत काय आहे आणि काय नाही

लखनौ जिल्ह्यात सुमारे दीड लाख किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिड यांची एक गोळी देण्यात आली. त्यांत शाळेत जाणाऱ्या मुली होत्या, तशाच शाळा सुटलेल्याही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार वर्षांत या मुलींमधील रक्तक्षयाचे प्रमाण ७३.३ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर आले. पुढे देशभर राबवल्या गेलेल्या साप्ताहिक गोळीच्या कार्यक्रमाला ज्या अनुभवांचा आधार होता, त्यांत लखनौचे स्थान महत्त्वाचे आहे.

हे यश एकट्या गोळीचे नव्हते. कोणत्या गटात कशाची उणीव आहे, हे आधी ठाऊक होते. मात्रा ठरलेली होती आणि मुलींशी व त्यांच्या कुटुंबीयांशी सातत्याने संवाद साधला जात होता. शेवटी परिणाम मोजला गेला. उलट, औषधाच्या दुकानात ‘थकवा येतो’ एवढ्याच कारणावर बी-कॉम्प्लेक्सची पट्टी मागितली जाते, तेव्हा यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नसते. ‘ब’ हे एक जीवनसत्त्व नसून आठ निरनिराळ्या द्रव्यांचे कुल आहे, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, ही साधी गोष्टही तिथे विसरली जाते.

परंतु लखनौच्या गोळीलाही एक प्रश्न विचारायला हवा. तिच्यात ‘ब’ कुलातील एकच सदस्य होता: फॉलिक ॲसिड, म्हणजे ब-९. ब-१२ तिच्यात नव्हते आणि शासकीय लोह-गोळीत ते आजही नाही. पेशींमध्ये डीएनए घडवण्याच्या कामी ही दोन्ही जीवनसत्त्वे एकमेकांवर अवलंबून असतात. त्यामुळे दोहोंपैकी कशाचीही उणीव झाली, तरी रक्तात सारखाच बिघाड दिसतो. मज्जातंतूंच्या आवरणाची राखण मात्र ब-१२ करते आणि तिथे फॉलिक ॲसिड त्याची जागा घेऊ शकत नाही.

या गुंत्याचे एक टोक मुंबईत आहे. ल्युसी विल्स यांनी १९३१ साली मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, असे दाखवले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलेट. १९४५ साली अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झाले आणि ते घातक रक्तक्षयाच्या रुग्णांनाही देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले, पण मज्जासंस्थेचा ऱ्हास थांबला नाही. या रुग्णांना हवे होते ते ब-१२, आणि ते वेगळे काढण्यात यश आले १९४८ साली. रक्त सुधारले म्हणजे रोगी सुधारला असे नव्हे, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

भारतात तो विशेष महत्त्वाचा आहे, कारण ब-१२ नैसर्गिकरीत्या केवळ प्राणिजन्य अन्नातून मिळते आणि येथील मोठा वर्ग शाकाहारी आहे किंवा मांस, मासे, अंडी क्वचितच खातो. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात किशोरवयीनांपैकी ३७ टक्क्यांत फोलेटची, तर ३१ टक्क्यांत ब-१२ ची उणीव आढळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील माता व मुलांचा पाठपुरावा केला. ज्या मातांमध्ये गरोदरपणी फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक दिसला. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

यावरून फॉलिक ॲसिड थांबवावे, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. गर्भाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यात त्याचे मोल सिद्ध आहे, आणि आठवड्याला ५०० मायक्रोग्रॅम ही मात्रा भीती बाळगण्याजोगी नाही. मागणी वेगळी आहे: गोळीत ब-१२ ची जोड द्यावी. हे तत्त्व शासनाने एके ठिकाणी आधीच मान्य केले आहे. शिधावाटपात दिल्या गेलेल्या पोषणसमृद्ध तांदळासाठी लोह व फॉलिक ॲसिड यांच्याबरोबर दर किलोला ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम ब-१२ ठरवलेले होते. तांदळाला लागू होणारा विचार गोळीला का लागू होऊ नये? खर्च वाढेल, हा आक्षेप योग्य आहे. म्हणूनच लखनौसारखा मोठा, मोजमाप असलेला प्रयोग आधी व्हावा. मात्र त्यात हिमोग्लोबिनबरोबर रक्तातील ब-१२ ही मोजले जावे. केवळ हिमोग्लोबिनची मोजपट्टी लावली, तर मज्जातंतूंची हानी तिच्यात दिसणारच नाही.

व्यक्तीलाही हीच शिस्त उपयोगी पडते. काटेकोर शाकाहारी, दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, वृद्ध आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रिया यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची तपासणी करून घ्यावी. हातापायांना मुंग्या येत असतील किंवा तोल जात असेल, तर स्वतःच्या मनाने फॉलिक ॲसिडच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या घेत राहू नये. ब-६ दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास तेच मज्जातंतूंना इजा करते. म्हणून ‘पाण्यात विरघळणारे, लघवीवाटे निघून जाते’ हा दिलासा अपुरा आहे. निरोगी प्रौढाची ब-१२ ची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच असते. दूध, दही, अंडी, मासे नियमित खाणाऱ्या आणि पचन नीट असलेल्या माणसाला महागड्या बाटलीतून फारसे काही मिळत नाही.

नेमकी उणीव ओळखून दिलेली स्वस्त गोळी किती काम करू शकते, हे लखनौने दाखवले. त्या गोळीत आणखी काय असायला हवे, याकडे पुण्याने लक्ष वेधले. आता या दोन शहरांचे ज्ञान एकाच गोळीत एकत्र यायला हवे.