विश्लेषण : चर्चा बंद, तरी अणुकेंद्रांची यादी सीमेपलीकडे दरवर्षी कशी पोहोचते?

सोलापूर : ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. महाराष्ट्रातील १६ ठिकाणे त्यासाठी निवडली होती आणि मुंबई, उरण व तारापूर पहिल्या, म्हणजे सर्वाधिक जोखमीच्या गटात होते. एकेकाळी ज्या शहराचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचा, त्या सोलापूरचे नाव यादीत नव्हते. तारापूरचे नाव अणुवीज केंद्रामुळे आले, हे सहज कळते. पण अशा केंद्रांचा नेमका ठावठिकाणा भारत स्वतःच दरवर्षी पाकिस्तानला कळवतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

यादी कसली आणि ती सुरू का झाली?

जून १९८१ मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त केली. आपल्या कहुटा प्रकल्पाचेही असेच होईल, ही धास्ती त्यानंतर पाकिस्तानात होती. डिसेंबर १९८५ मध्ये राजीव गांधी आणि झिया उल हक यांच्यात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याची तोंडी समजूत झाली. तिचे लेखी करारात रूपांतर व्हायला तीन वर्षे लागली. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत इस्लामाबादेत सह्या झाल्या. २७ जानेवारी १९९१ पासून करार लागू झाला आणि १ जानेवारी १९९२ रोजी पहिली यादी दिली-घेतली गेली.

करार अगदी छोटा आहे. अणुभट्ट्या, इंधननिर्मिती, समृद्धीकरण व पुनर्प्रक्रियेचे प्रकल्प, तसेच किरणोत्सारी पदार्थांचा मोठा साठा असलेल्या जागा यांवर हल्ला करायचा नाही, त्यात कुणाला मदतही करायची नाही. दर १ जानेवारीला या जागांचे अक्षांश-रेखांश एकमेकांना द्यायचे. नवी दिल्ली आणि इस्लामाबादेत एकाच वेळी राजनैतिक मार्गाने याद्या दिल्या जातात. त्यांतील तपशील मात्र दोन्ही देशांतील जनतेला कधीच दिसत नाही.

तो पाळला जातो का?

आतापर्यंत तरी हो. १९९९ मध्ये कारगिल झाले. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ च्या जानेवारीत दोन्ही फौजा सीमेवर समोरासमोर होत्या, तेव्हाही यादी गेली. २६/११ नंतर गेली, पुलवामानंतर गेली. एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू जलवाटप करार स्थगित केला आणि पाकिस्तानने सिमला करार स्थगित ठेवण्याचा हक्क बोलून दाखवला. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झाले. तरीही १ जानेवारी २०२६ रोजी ३५ वी यादी ठरल्या दिवशी पोहोचली.

मे २०२५ मध्येच या कराराची कसोटी लागली होती. किराना टेकड्यांवरील अणुसाठ्यावर भारताने मारा केल्याच्या अफवा समाजमाध्यमांवर पसरल्या. हवाई दलाने १२ मे रोजी तसे काही केले नसल्याचे स्पष्ट केले. पाकिस्तानातील कोणत्याही केंद्रातून किरणोत्सार झाला नसल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही सांगितले.

उणीव आहे ती पडताळणीची. यादीत काय लिहायचे हे ज्याचे तोच ठरवतो. त्यामुळे याद्या पूर्ण आहेत का, ही शंका सुरुवातीपासून आहे.

तारापूर आणि कराची : समुद्र एकच

हल्ला होणार नाही असे धरले, तरी अपघाताचा प्रश्न उरतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, कराचीची पहिली १९७२ मध्ये. ती २०२१ मध्ये बंद झाली, पण तिच्या शेजारी चिनी बनावटीच्या, प्रत्येकी सुमारे ११०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आहेत. हवाई मार्गाने तारापूर ते कराची अंतर साधारण ८०० किलोमीटर. मधे अरबी समुद्र, दोन्हीकडे कोळ्यांची वस्ती आणि दोन्ही केंद्रांना थंड करायला त्याच समुद्राचे पाणी. एका किनाऱ्यावर गळती झाली तर दुसऱ्याला ते कधी कळणार?

त्यासाठी १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर झालेला जागतिक करार आहे. ज्या अपघाताचा परिणाम सीमेपलीकडे होऊ शकतो, त्याची सूचना थेट किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत तातडीने द्यायची. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्यात आहेत. २१ फेब्रुवारी २००७ रोजी, समझोता एक्स्प्रेसमधील स्फोटाला जेमतेम तीन दिवस झालेले असताना, दोघांनी आणखी एक करार केला. पण तो अण्वस्त्रांशी संबंधित अपघातांपुरता आहे. वीज केंद्रांतील गळतीसाठी दोन देशांत थेट अशी स्वतंत्र व्यवस्था नाही.

करारांतील फटी किती महागात पडू शकतात, हे ९ मार्च २०२२ रोजी दिसले. चुकून सुटलेले ब्रह्मोस क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. भारताची अधिकृत कबुली ११ मार्चला आली. क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. ब्रह्मोस क्रूझ प्रकारचे, आणि हा प्रकार मुळात चाचणीचा नव्हताच. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. क्षेपणास्त्रावर स्फोटके नव्हती, हे दोन्ही देशांचे नशीब.

शेजारी इतरांनी काय केले?

ब्राझील आणि अर्जेंटिना हेही अणुस्पर्धेतले जुने प्रतिस्पर्धी. त्यांनी १९९१ मध्ये संयुक्त संस्था काढली आणि एकाचे निरीक्षक दुसऱ्याचे प्रकल्प तपासू लागले. दक्षिण आशियात सार्क आहे, पण २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर तिचे शिखर संमेलनच झालेले नाही. भारताचे सहकार्य आहे ते दोघा-दोघांतले. कुडनकुलमबद्दल चिंता व्यक्त करणाऱ्या श्रीलंकेशी २०१५ मध्ये नागरी अणुकरार झाला. बांगलादेशातील रूपपूर प्रकल्पासाठी २०१८ मध्ये रशियासह त्रिपक्षीय सामंजस्य करार झाला. पाकिस्तानशी यातले काहीच नाही.

सोलापूरशी याचा संबंध काय?

कागदोपत्री फारसा नाही. अणुवीज केंद्राभोवतीचे आपत्कालीन नियोजन क्षेत्र १६ किलोमीटरच्या परिघाचे असते आणि सराव तिथेच होतात. तारापूर सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर, तर कर्नाटकातील कैगा त्याहून जवळ, साडेतीनशेच्या आसपास. चेर्नोबिलचा किरणोत्सार मात्र सर्वप्रथम बाहेर उघड झाला तो स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रावर, हजार किलोमीटरहून दूर. सोव्हिएत सरकारने तोवर काहीच सांगितले नव्हते. सोलापूर जिल्ह्याच्या आपत्ती नियोजनात भीमेचा पूर, दुष्काळ आणि उन्हाळा यांचीच काळजी असते आणि ते रास्तही आहे.

देशभरातील किरणोत्साराची पातळी मोजणारी केंद्रे भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहेत. त्यांच्या नोंदी मुंबईत सतत जमा होतात. पाकिस्तानशी त्यांची देवाणघेवाण सुरू करायला कोणालाही गुपित उघडे करावे लागणार नाही. अक्षांश-रेखांश तर १९९२ पासूनच दिले जात आहेत.