विश्रांतीचा दिवस वाया जात नाही

भातसानगर-शहापूर परिसरातील चढउताराच्या रस्त्यांवर सकाळी सायकल चालवणे ज्येष्ठांच्या हृदयाला व स्नायूंना हितकारक आहे. मात्र एक दिवस चुकला तर केलेले सारे वाया जाईल, या धास्तीने रोज सायकल काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, स्नायूंना बळ येते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत. श्रमाने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. झोपेत व विसाव्यात ती भरून निघते आणि तंतू अधिक बळकट होतात. उतारवयात ही दुरुस्ती संथ गतीने होते.

कसारा घाटापलीकडील नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दोघांच्या संघात एक जण सायकलवर असताना दुसऱ्याला विसावा मिळे. ‘टूर द फ्रान्स’च्या २१ टप्प्यांतही विश्रांतीचे दिवस राखलेले असतात आणि त्या दिवशी स्पर्धक हलकीशीच सायकल फिरवतात.

ज्येष्ठांनी एक दिवस सायकल, एक दिवस विश्रांती असा क्रम ठेवावा. विश्रांती म्हणजे दिवसभर अंथरुणावर पडून राहणे नव्हे. सपाट जागी सावकाश फेरी मारावी, सांधे हलके मोकळे करावेत, डाळ, दूध, अंडी यांपैकी पचेल ते घ्यावे आणि पुरेशी झोप घ्यावी.

सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद असेल, पाय जड वाटत असतील किंवा झोप नीट लागली नसेल, तर त्या दिवशी सायकल काढू नये. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडी मंदच राहते. अशांनी थकव्याकडे अधिक लक्ष द्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर श्रमानंतर काही तासांनी, रात्रीदेखील, उतरू शकते. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे हा साधा थकवा समजू नये. तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

घरच्या मंडळींनी ‘आता वय झाले, सायकल पुरे’ असे म्हणून उमेद खचवू नये. दिनदर्शिकेवर सायकलीचे व विश्रांतीचे वार आजी-आजोबांनाच लिहू द्यावेत आणि दोन्ही सारख्याच आस्थेने पाळले जातील, असे पाहावे.