फोनची वाढ खुंटली. आता मालकीचे बोला



दर वर्षी सप्टेंबर महिना आला, की अमेरिकेत कॅलिफोर्नियात ॲपल कंपनीचा सोहळा होतो आणि नवा आयफोन जगाला दाखवला जातो. वर्षाच्या सुरुवातीला सॅमसंगची पाळी असते. आजवर असा फोन झालाच नाही अशी दवंडी पिटली जाते, वर्तमानपत्रांची पहिली पाने जाहिरातींनी भरतात. फोन हातात घ्यावा तर तीच काचेची पाटी. कॅमेऱ्याचे टेंगूळ थोडे मोठे, कडा थोड्या वेगळ्या, रंग नवा.

आमचे म्हणणे सरळ आहे. स्मार्टफोनची वाढ खुंटली आहे. त्यात वाईट काहीच नाही. प्रत्येक वस्तू कधी ना कधी पोक्त होते. वाईट आहे ते हे की, खुंटलेली वाढ झाकून तीच वस्तू दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा आमच्या गळ्यात मारायची व्यवस्था पक्की झाली आहे.

वाढ होती तेव्हा ती दिसत होती

३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल झाला. तेव्हा बोलण्याचे तर पैसे पडतच, पण आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला आणि मोबाईल खेड्यात शिरला. त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. धूळ शिरू नये असा कळफलक, डोक्यावर बॅटरीचा दिवा, आणि मागचे झाकण नखाने उघडून कोणीही बदलावी अशी बॅटरी. आपल्यासारख्या देशांतला गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून केलेला तो फोन होता. रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याला त्या दिव्याचा उपयोग कोणी समजावून सांगावा लागला नाही.

२००७ मध्ये आयफोन आला आणि बटणे गेली. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि थोड्याच वर्षांत स्वस्तातला स्मार्टफोन शक्य झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटाचे दर कोसळले. या एकेका पावलाने माणसाचे रोजचे जगणे बदलले. आधी बोलणे आले, मग फोटो, मग नकाशा, मग पैसे देणे-घेणे.

त्यानंतर काय आले? आम्ही यादी करायला बसलो, तर दिलेल्यापेक्षा काढून घेतलेल्या गोष्टीच चटकन आठवल्या. २०१६ मध्ये ॲपलने इअरफोनचे भोक काढले. २०२० मध्ये डब्यातला चार्जर काढला. आधी हसणाऱ्या कंपन्यांनी मागून तेच केले. बदलता येणारी बॅटरी गेली, कित्येक फोनांतून मेमरी कार्डाची जागा गेली. २०१९ मध्ये घडीचा फोन आला. त्याची किंमत पाहून माणूस स्वतःच घडी होतो. एकूण विक्रीत त्याचा वाटा अजून किरकोळच आहे.

अंधारातले फोटो सुधारले, चार्जिंग लवकर होऊ लागले, हे आम्ही नाकारत नाही. पण ही डागडुजी झाली, नवे घर नव्हे. याची साक्ष गिऱ्हाइकानेच दिली आहे. २०१६ मध्ये जगात सुमारे १४७ कोटी स्मार्टफोन कंपन्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये तो आकडा ११७ कोटींच्या आसपास उतरला.

कारण गूढ नाही. पडद्यावरचे ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत इतके बारीक झाले. आणखी बारीक करून उपयोग कोणाला? चांगल्या फोटोला उजेड लागतो, उजेडाला मोठे भिंग लागते आणि आठ मिलिमीटरच्या पाटीत मोठे भिंग मावत नाही. माणसाचा तळहात आणि खिसा दर वर्षी वाढत नाहीत.

पोक्त वस्तूची रीत

आपल्याकडे यंत्रे पोक्त होताना आपण पाहिली आहेत. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये आला. एकदा त्याचा घाट बसल्यावर पुढे दर वर्षी 'नवा नांगर' आला नाही. फाळ झिजला तर गावच्या लोहाराने तो शेवटला. लिस्टर धर्तीची डिझेल इंजिने राजकोटच्या कारखान्यांनी बनवली, त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळू लागले आणि गावोगावी मिस्त्री तयार झाले. वस्तूची वाढ थांबली, की ती स्वस्त व्हावी, टिकाऊ व्हावी, कोणालाही दुरुस्त करता यावी, ही बाजाराची सरळ रीत आहे. वाढ थांबल्याचा फायदा गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो.

फोनच्या बाबतीत उलटे घडले. लिथियमची बॅटरी झिजणारी वस्तू आहे. साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली, की तिची ताकद उतरू लागते. रोज चार्ज करणाऱ्याने हिशेब करावा: दीड वर्ष. म्हणजे बॅटरी हा फोनचा फाळ आहे. झिजणारा नेमका हाच भाग डिंकाने आत चिकटवून टाकला. फाळ नांगराला वितळवून जोडला, तर फाळ झिजल्यावर नांगर फेकावा लागेल. असा नांगर आमच्या आजोबांनी विकत घेतला नसता.

दुसरी खोड त्याहून बेरकी. फोनचा पडदा किंवा कॅमेरा बदलला, तर आतली आज्ञावली नव्या भागाचा क्रमांक तपासते. कंपनीने मान्यता दिली नसेल, तर इशारे देते किंवा काही सोयी बंद करते. भाग अस्सल असला, दुसऱ्या तशाच फोनमधून काढलेला असला, तरीही! मिस्त्रीचा हात बांधायची ही युक्ती आहे. तिसरी खोड अशी, की फोन धडधाकट असतानाच त्याला नवी आज्ञावली देणे बंद करायचे. मग एकेक ॲप त्याला वाळीत टाकते. जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वरच्या फोनांत व्हॉट्सॲप चालेनासे झाले. हार्डवेअर मेले नव्हते, त्याचे पाणी तोडले होते.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावे लागले, की जुन्या आयफोनांचा वेग आज्ञावलीतून कमी केला होता. थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून केले, असा खुलासा झाला. खुलासा खरा धरू. मग गिऱ्हाइकाला आधी का सांगितले नाही? बोभाटा झाल्यावर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. जे लोक नवा फोन घ्यायला निघाले होते, त्यांना २९ डॉलरची बॅटरी पुरेशी होती. २०२० मध्ये त्याच प्रकरणात कंपनीने अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तडजोड केली.

त्यांची उत्तरे आणि आमचे प्रत्युत्तर

कंपन्या म्हणतात, पाणी आणि धूळ शिरू नये म्हणून फोन चिकटवावा लागतो. सॅमसंगच्याच २०२२ च्या एक्सकव्हर ६ प्रो या फोनची बॅटरी हाताने निघते आणि तो पाण्यातही टिकतो. म्हणजे करता येते. स्वस्त फोनांत करायचे नाही, एवढेच.

ते म्हणतात, भागांची ओळख तपासली नाही तर चोरीचे फोन सुटे करून विकले जातील. चोरीची नोंद झालेला भाग जरूर अडवा. पण चोराच्या नावाने सगळ्या गावाच्या दाराला कुलूप ठोकून किल्ली स्वतःच्या कनवटीला लावणे, याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

ते म्हणतात, इतकी वर्षे आज्ञावली पुरवणे परवडत नाही. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे आज्ञावली देण्याचे वचन कसे दिले? ही तर कबुलीच झाली, की फोन सात वर्षे चालू शकतो. लाखाचा फोन घेणाऱ्याला सात वर्षे आणि दहा हजारांचा फोन घेणाऱ्याला त्याहून बरीच कमी. ज्याला वस्तू टिकण्याची गरज जास्त, त्याचीच वस्तू लवकर मरते.

हा चैनीचा विषय नाही

काही जण म्हणतील, शेतमालाच्या भावाचे सोडून हे मोबाईलचे काय काढले? त्यांना आमचे उत्तर सातबाऱ्यावर लिहिले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून फोनवरून पिकाचा फोटो चढवायचा, तेव्हा पीक सातबाऱ्यावर येते. ती नोंद नसेल तर सरकारी खरेदीपासून मदतीपर्यंत प्रत्येक दारात शेतकऱ्याला अडवता येते. पीकविम्यात काही आपत्तींसाठी नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची असते. केवायसीचा आकडा फोनवरच येतो. घमेली उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या, त्यांचा अंगठा यंत्राला उमटत नाही. मग पुन्हा फोनच.

सरकारने फोनला अवजार केले आहे. अवजार बंद पडले म्हणजे काम बंद पडते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, भर उन्हात, फुगलेली बॅटरी आणि न चालणारे ॲप घेऊन बांधावर उभ्या असलेल्या बाईला 'नवा फोन घ्या' हे उत्तर असू शकत नाही.

पुढे काय?

आता सांगतात, फोन संपला. पुढे चष्मा येणार, छातीवर लावायची टिकली येणार, कृत्रिम बुद्धिमत्ता येणार. टिकली येऊन गेली. ह्यूमेन नावाच्या अमेरिकन कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये ती बाजारात आणली. किंमत ६९९ डॉलर, वर दर महिन्याला २४ डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने आपला बराचसा कारभार एचपीला विकला आणि २८ फेब्रुवारीला टिकलीमागचे संगणक बंद केले. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या हातात बिल्ला उरला. बुद्धी वस्तूत नव्हती, कंपनीच्या घरी होती. मालक म्हणून पैसे घेतले आणि कूळ म्हणून वागवले.

पुढच्या काळाचा खरा वाद इथे आहे. बुद्धिमत्तेला आमचा विरोध नाही. मराठीत, आमच्या बोलीत बोललेले फोनला कळले, अक्षर न येणाऱ्या म्हातारीला कागद वाचून दाखवता आला, तर २०१६ नंतरची ती पहिली खरी वाढ ठरेल. टॉवर नाही तिथे उपग्रहाशी थेट बोलणारा फोनही हवाच. २०२२ मध्ये आयफोन १४ वर संकटकाळापुरती ती सोय आली. पण ही बुद्धी फोनमध्येच राहणार, रेंज नसतानाही चालणार, की दरमहा भाडे घेऊन दुरून मिळणार आणि कंपनीच्या मर्जीने बंद होणार? पाटी असो, चष्मा असो, नाहीतर टिकली असो, प्रश्न एकच: विकत घेतलेली वस्तू आमची की त्यांची?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरबाबत विचारला. जॉन डिअरच्या यंत्रांतली आज्ञावली कंपनीच्या ताब्यात, म्हणून ऐन हंगामात दुरुस्तीसाठी कंपनीच्या माणसाची वाट पाहायची. शेतकरी भांडले. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. २०२४ मध्ये ओरेगॉनने फोनच्या भागांना कंपनीचे कुलूप लावण्यास मनाई करणारा कायदा केला. युरोपात २० जून २०२५ पासून फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग आणि किमान पाच वर्षे आज्ञावली देणे बंधनकारक झाले. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तेच फोन, त्याच कंपन्या. युरोपातल्या गिऱ्हाइकाला हक्क आणि आपल्याला पोर्टल!

आम्ही फुकट फोन मागत नाही. सबसिडी मागत नाही. नव्या फोनांवर बंदीही मागत नाही. ज्याला घडीचा घ्यायचा त्याने खुशाल घ्यावा. जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो:

१. बॅटरी साध्या हत्याराने, तालुक्याच्या मिस्त्रीला बदलता आली पाहिजे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती सात वर्षे खुल्या बाजारात मिळाली पाहिजे.

२. अस्सल भागाला आज्ञावलीचे कुलूप नको.

३. आज्ञावली किती वर्षे मिळणार हे किमतीशेजारी डब्यावर ठळक छापले पाहिजे. कंपनीने साथ सोडली, की कुलूप काढून फोन मालकाच्या ताब्यात दिला पाहिजे.

४. सरकारने सक्तीचे केलेले प्रत्येक ॲप जुन्या आणि स्वस्त फोनवर, रेंज नसतानाही चालले पाहिजे. चालत नसेल, तर त्या कामाला कागदाची वाट मोकळी असली पाहिजे आणि मुदतीचा बडगा उगारता कामा नये.

बैठकीला येताना एक काम करून या. घरात, फडताळात, ट्रंकेत पडलेले बंद फोन मोजा. प्रत्येकापुढे लिहा: किती साली घेतला, किती रुपयांना, आणि कशाने मेला. बॅटरीने, पडद्याने, की ॲप चालेना म्हणून. गावाची यादी करून आणा. पोते भरून फोन आणलेत तरी चालेल. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायला ते बरे पडतील.