'सौम्य' या शब्दाचा भूगोल

कोरोना महामारीविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात लहान मुलांच्या वाट्याला एकच विशेषण आले : 'सौम्य'. मुलांना हा आजार होत नाही, झालाच तर सौम्य होतो, हे विधान टाळेबंदीच्या दैनंदिन्यांनी गृहीत धरले आणि समीक्षेने ते तपासून पाहिले नाही. हिंगोली जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना हे विशेषण असे सरसकट मान्य नाही. आमचा आक्षेप वैद्यकशास्त्रावर नसून शब्दाच्या वापरावर आहे.

प्रौढांच्या तुलनेत मुलांमध्ये हा आजार गंभीर होण्याचे प्रमाण फार कमी होते, हे निर्विवाद आहे. परंतु आजार गंभीर न होणे आणि संसर्गच न होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ मधील चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६ ते ९ वर्षे वयाच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षे वयाच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्या सर्वेक्षणाच्या ७० जिल्ह्यांत आमच्या शेजारचे परभणी आणि नांदेड हे जिल्हे होते. मुलांचे लसीकरण तेव्हा सुरूही झाले नव्हते. १५ वर्षांवरील मुलांना लस मिळू लागली ती ३ जानेवारी २०२२ पासून. म्हणजे ही प्रतिपिंडे संसर्गाचीच होती. त्यांतील बहुसंख्य मुलांची चाचणी झाली नाही, नोंदही नाही. ज्याची नोंद नाही त्याला 'झालेच नाही' म्हणणे सोपे असते.

'सौम्य' हे सरासरीचे विशेषण आहे आणि सरासरीबाहेर पडलेल्या मुलाला वेळीच कोणी ओळखणार असेल तरच ते दिलासा देऊ शकते. संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांना पुन्हा ताप येतो, डोळे लाल होतात, अंगावर चट्टे उठतात, पोट दुखते आणि हृदयावर परिणाम होतो. याला बहुअवयवी दाहाचा विकार म्हणतात. त्यावर उपयोगी पडणारी स्टेरॉइडसारखी औषधे महाग नाहीत. महाग आहे ती ओळख. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ हवा, रक्ताच्या तपासण्या हव्यात, हृदयाची सोनोग्राफी हवी. महिन्यापूर्वीचा किरकोळ ताप मुळात कोरोनाचा होता, हेच जिथे कोणाला ठाऊक नाही, तिथे दुसऱ्या तापाचा अर्थ कसा लागावा?

२०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार लोकसंख्येच्या आणि बहुतांशी ग्रामीण असलेल्या या जिल्ह्यात महामारीच्या काळात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. त्याचे उद्घाटन झाले ९ ऑक्टोबर २०२४ रोजी. तोवर अत्यवस्थ मुलाचा रस्ता नांदेडकडे जात होता. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरील आईसाठी 'सौम्य' आणि 'गंभीर' यांतील अंतर किलोमीटरमध्ये, गाडीभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत मोजावे लागते. विषाणू एकच, पण विशेषणाचा अर्थ गावागणिक बदलतो.

मे २०२१ मध्ये वारे उलटे फिरले. तिसरी लाट मुलांवरच येणार, असा गजर सुरू झाला. राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोग कृती दल नेमले. अशा भाकिताला पुरावा नाही, असे भारतीय बालरोग संघटनेने त्याच महिन्यात सांगितले. जानेवारी २०२२ ची लाट आली आणि ते भाकीत खोटे ठरले. भय ओसरले, तशी चौकशीही ओसरली. आधी दिलासा, मग भय आणि नंतर मौन अशा तिन्ही अवस्थांत जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेले मूल कोणाच्या दृष्टीस पडले नाही.

यावर दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की, शाळाबंदी आणि उपासमार यांनी मुलांचे अधिक नुकसान केले. हे आम्हाला मान्य आहे. पण ज्या मुलाची शाळा सुटली आणि ज्याचा पोषण आहार तुटला, त्याच मुलाचा ताप अनोळखी राहिला. ही दोन दुःखे एकमेकांच्या विरोधात उभी करण्याचे कारण नाही. दुसरे उत्तर असे की, साहित्य म्हणजे आरोग्य खात्याचा अहवाल नव्हे. खरेच नव्हे. म्हणूनच अहवालात जे मावत नाही ते साहित्याने पाहावे, अशी अपेक्षा असते.

मराठीला हे नवे नाही. १८५४ मध्ये 'काव्यफुले' प्रसिद्ध करणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला यशवंतरावांच्या दवाखान्यात उचलून नेताना त्यांना संसर्ग झाला होता. आधुनिक मराठी कवितेच्या प्रारंभी उभी असलेली ही कवयित्री आजारी मूल आणि दवाखाना यांमधले अंतर स्वतःच्या पायांनी चालली. आपल्या टाळेबंदी-साहित्याला मात्र बाल्कनीतून ते अंतर दिसले नाही.

आमचे मागणे मोठे नाही. 'महामारी आणि साहित्य' असे विषय अभ्यासक्रमांत आणि चर्चासत्रांत येतात, तेव्हा प्रकाशित पुस्तकांवर थांबू नये. त्या काळात आठ-दहा वर्षांची असलेली मुले आता आपल्या वर्गांत येऊ लागली आहेत. त्यांना व त्यांच्या आयांना विचारावे आणि त्या तापाला घरात काय म्हणत होते, तो कसा काढला, दवाखाना कुठवर होता, हे त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. पुढची साथ येईल तेव्हाही कोणी तरी 'सौम्य' हा शब्द वापरील. तो कोणाच्या अंगणात उभे राहून वापरला जातो आहे, हे विचारण्याची सवय निदान भाषेच्या विद्यार्थ्यांना तरी असावी.